भुकेची मोजदाद आणि अन्नाची मदत

अन्न-असुरक्षितता म्हणजे घरातल्या प्रत्येकाला पुरेसे, पोषक आणि सवयीचे अन्न बाराही महिने मिळेल याची खात्री नसणे. या व्याख्येत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतात ते ‘बाराही महिने’ हे शब्द. भूक वर्षभर सारखी नसते. ती ठरावीक महिन्यांत येते, ठरावीक घरांत येते आणि पीक हाती आले की काही काळ मागे हटते. म्हणून तिची मोजदाद करताना तीन प्रश्न एकाच वेळी विचारावे लागतात: कोणत्या घरांत, कोणत्या महिन्यांत आणि किती तीव्र. देशात धान्य किती पिकले हा चौथा प्रश्न आहे. तो महत्त्वाचा असला तरी त्याच्या उत्तरातून पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

रायगड जिल्ह्यातला पनवेल तालुका हे समजून घ्यायला योग्य जागा आहे. येथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, भात हे मुख्य पीक आहे आणि अवर्षणाचा दुष्काळ कोकणच्या या पट्ट्याला सहसा शिवत नाही. नवीन पनवेलला भारतीय अन्न महामंडळाची गोदामे आहेत. देशाच्या उत्तरेकडून आलेला गहू-तांदूळ तेथे उतरतो आणि पुढे जातो. शेजारी जवाहरलाल नेहरू बंदर, कळंबोलीचा बाजार, मुंबई-पुण्याचे रस्ते आणि झपाट्याने वाढलेली वसाहत आहे. १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेलला महानगरपालिका आहे. याच तालुक्यात माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याशी आणि कर्नाळ्याच्या परिसरात कातकरी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. भाताची लावणी आटोपली की तेथील मजुरी थांबते. कापणी आश्विनात सुरू होते. मधल्या श्रावण-भाद्रपदात शेतात काम नसते, पावसामुळे बांधकामे आणि वीटभट्ट्या बंद असतात आणि अनेक घरांतले धान्य संपलेले असते. ही भूक कोणत्याही सरकारी जाहीरनाम्यात दुष्काळ म्हणून नोंदली जात नाही.

गोदाम भरलेले असताना शेजारी भूक असू शकते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. १९४३ च्या बंगालच्या दुर्भिक्षाचा अभ्यास करताना त्यांनी दाखवले की, माणूस उपाशी मरतो तो अन्नावरचा त्याचा हक्क तुटल्यामुळे. बाजारात अन्न असणे वा नसणे हा त्यातला एकच घटक. हा हक्क चार वाटांनी येतो: स्वतः पिकवलेले, मजुरी करून विकत घेतलेले, नात्यागोत्यातून मिळालेले आणि सरकारकडून आलेले. कातकरी कुटुंबाकडे बहुधा स्वतःची शेती नाही, म्हणजे पहिली वाट जवळजवळ बंद. दुसरी वाट पावसाळ्याच्या उत्तरार्धात बंद होते. तिसरी वाट वाडीतल्या वाडीत असते, पण शेजारचे घरही त्याच अवस्थेत असते. उरते चौथी, आणि अन्नसाहाय्याचा सगळा विचार या चौथ्या वाटेचा आहे.

ही वाट महाराष्ट्राने फार पूर्वी, फार कडू अनुभवातून ओळखली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. धान्य रेल्वेने आणता येत होते, पण ते विकत घेण्याची ताकद गावांत उरली नव्हती. सरकारने काढलेल्या कामांवर भारत सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेम्पल यांनी मजुरी कमी केली: पुरुषाला रोजी एक पौंड धान्य आणि वर एक आणा. खडी फोडणाऱ्या माणसाला ते पुरणारे नव्हते. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मजुरीला वैद्यकीय आधारावर विरोध केला आणि दख्खनमधल्या मजुरांनी कामे सोडून तिचा निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अहवाल पाठवले. भूक किती आहे याची नोंद सरकारबाहेरच्या लोकांनी सरकारसमोर पुराव्यानिशी ठेवण्याचे हे भारतातले आरंभीचे उदाहरण आहे आणि आजच्या मोजणीकर्त्यांनी ते विसरू नये.

पनवेल तालुक्याचा या दुष्काळाशी थेट संबंध आहे. तालुक्यातल्या शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. दुष्काळात दख्खनच्या गावांची जी दैना त्यांनी पाहिली, तिने त्यांना १८७९ च्या सशस्त्र उठावाकडे नेले. त्यांना पकडून एडनला धाडण्यात आले आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. फडक्यांचे नाव क्रांतिकारक म्हणून घेतले जाते ते योग्यच. पण त्यांच्या बंडाच्या मुळाशी उपाशी खेडी होती, हे शिरढोणच्या शेजारी राहणाऱ्यांना तरी पक्के माहीत असायला हवे.

त्या दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला. प्रांतांनी त्यावरून आपापल्या संहिता बनवल्या. त्यांत दुष्काळाची चाहूल देणारी लक्षणे नमूद होती: धान्याचे भाव चढणे, सावकारांनी उसनवारी थांबवणे, माणसे गाव सोडून भटकू लागणे, चोऱ्या वाढणे. शंका आली की आधी चाचणीची कामे काढायची. कमी मजुरीवरही माणसे मोठ्या संख्येने आली, तर टंचाई खरी समजायची. आजच्या आंतरराष्ट्रीय पूर्वसूचना पद्धतींचा गाभा हाच आहे. संहितेचा हेतू मात्र कमीत कमी खर्चात माणसे जगवणे एवढाच होता. माणूस जगला पण बैल, भांडी आणि जमीन विकून बसला, तर संहितेच्या लेखी काम यशस्वी झाले.

स्वतंत्र महाराष्ट्राची मोठी परीक्षा १९७२-७३ मध्ये झाली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. कामावर सुखडी वाटली जात होती, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळत होती. ती ज्यांनी खाल्ली त्या पिढीला तिची चव अजून आठवते. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की, पीक इतके बुडूनही मोठे दुर्भिक्ष टळले ते प्रामुख्याने मजुरीच्या रूपाने लोकांच्या हाती खरेदीची ताकद आल्यामुळे. वि. स. पागे यांनी आधी तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अन्नसाहाय्याच्या जागतिक इतिहासात महाराष्ट्राने घातलेली ही मोलाची भर आहे. कोकणातल्या वाड्यांना तिचा लाभ कमी मिळाला याचे एक साधे कारण आहे: मातीकाम उन्हाळ्यात निघते, भूक मात्र भर पावसात असते.

भूक मोजायची कशी, या प्रश्नावरही मराठी माणसांनी मूलभूत काम केले आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९५१ पासून दोन दशके रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. जगात उपाशी माणसे किती, हे सांगण्याची संख्याशास्त्रीय रीत त्यांनी उभी केली. देशात उपलब्ध असलेले अन्न घरांमध्ये कसे वाटले जाते याचा अंदाज घ्यायचा आणि शरीराच्या किमान गरजेपेक्षा कमी मिळणाऱ्यांचे प्रमाण काढायचे. संघटना आजही कुपोषितांचा जो वार्षिक आकडा देते त्याच्या मागे याच रीतीची परंपरा आहे. २०२४ सालासाठी तो आकडा सुमारे ६७ कोटी ३० लाख आहे.

पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यावरच्या प्रसिद्ध अभ्यासात माणशी रोज २२५० कॅलरींची रेषा धरली. १९८० च्या दशकात सुखात्मे आणि दांडेकर यांच्यात यावरून जाहीर वाद झाला. सुखात्म्यांचे म्हणणे असे की, एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते. त्यामुळे सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी धरणे चूक आहे. कुपोषणात घाण पाण्याचा आणि जुलाबाचा वाटा मोठा आहे, यावरही त्यांचा भर होता. दांडेकरांचा आक्षेप असा की, गरीब माणूस कमी खातो तो शरीराने जुळवून घेतले म्हणून नव्हे, खिशात नाही म्हणून. आणि या युक्तिवादाने गरिबी कागदावर कमी दिसू लागेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. सुखात्म्यांचा मुद्दा आरोग्याचा होता, दांडेकरांचा अधिकाराचा. ज्याला भूक मोजायची आहे त्याला दोन्ही हाताशी ठेवावे लागतात.

वर्षाचा सरासरी आकडा धोरण ठरवायला उपयोगी पडतो, पण पुढच्या महिन्यात मदत कोठे पाठवायची ते त्यातून कळत नाही. युद्ध, पूर किंवा अवर्षणाने कोसळलेल्या देशांत त्यासाठी वेगळी साधने लागतात. २००४ मध्ये सोमालियात अन्न आणि कृषी संघटनेच्या विश्लेषण गटाने एक पायऱ्यांची पद्धत तयार केली. ती आज आयपीसी या नावाने अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात पाच पायऱ्या आहेत: किमान, ताण, संकट, आणीबाणी आणि दुर्भिक्ष. तिसऱ्या पायरीपासून तातडीची मदत आवश्यक मानली जाते. पाचवी पायरी जाहीर करायला कडक अटी आहेत. किमान २० टक्के घरांत अन्नाचा टोकाचा अभाव, किमान ३० टक्के बालके तीव्र कुपोषित आणि दर दहा हजार लोकांमागे रोज किमान दोन मृत्यू. सोमालियात २०११, दक्षिण सुदानमध्ये २०१७, सुदानच्या झमझम छावणीत २०२४ आणि गाझात २०२५ मध्ये या अटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. जगभरच्या अन्नसंकटांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये ५३ देशांतले सुमारे २९ कोटी ५० लाख लोक तिसऱ्या किंवा त्यावरच्या पायरीइतक्या तीव्र भुकेत होते. भारतात ही पद्धत लागू नाही.

या अटींचा एक दोष जीवघेणा आहे. सोमालियातल्या २०१०-१२ च्या दुर्भिक्षात सुमारे अडीच लाख माणसे मेली आणि त्यांतली जवळपास निम्मी २० जुलै २०११ च्या घोषणेआधीच गेली होती. मृत्यूंची मोजणी हा पुरावा असेल, तर तो हाती येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून चांगले मूल्यमापन पाचव्या पायरीची वाट पाहत नाही. ते तिसऱ्या पायरीच्या खुणा शोधते, आणि त्या खुणा घराच्या वागण्यात असतात.

या खुणा टिपण्याची साधने दिसायला साधी आहेत. एक प्रश्नावली गेल्या सात दिवसांत घराने कशी निभावणूक केली ते विचारते. हलक्या प्रतीचे अन्न किती दिवस खाल्ले, किती दिवस उसने आणले, किती दिवस ताटात कमी वाढले, किती दिवस मोठ्यांनी स्वतः न खाता मुलांना दिले, किती दिवस जेवणाची वेळच टाळली. उसनवारीला दुप्पट भार दिला जातो आणि मुलांसाठी मोठ्यांनी उपाशी राहण्याला तिप्पट. बाईला हे प्रश्न सासू-सासऱ्यांसमोर विचारले, तर खरे उत्तर मिळणे कठीण. म्हणून प्रश्न कोण, कोठे आणि कोणत्या बोलीत विचारतो याला प्रश्नाइतकेच महत्त्व आहे.

दुसरी पद्धत आहारातली विविधता मोजते. सात दिवसांत कोणता पदार्थ किती दिवस खाल्ला ते विचारायचे आणि प्रत्येकाला भार द्यायचा: भात-भाकरीला २, डाळ-कडधान्याला ३, भाजीला १, फळाला १, मांस-मासळीला ४, दुधाला ४, तेल आणि साखरेला प्रत्येकी अर्धा. भाद्रपदातल्या एका वाडीतल्या घराचा नमुना हिशेब करून पाहता येतो. भात सातही दिवस, म्हणजे १४. टाकळा किंवा कुर्डू पाच दिवस, ५. ओढ्यातले खेकडे दोन दिवस, ८. डाळ एक दिवस, ३. तेल चार दिवस, २. कोऱ्या चहातली साखर रोज, साडेतीन. बेरीज साडेपस्तीस. प्रचलित रेषेनुसार २१ पर्यंत वाईट, ३५ पर्यंत काठावरचे आणि त्यापुढे ठीक. म्हणजे हे घर अर्ध्या गुणाने ‘ठीक’ ठरले. खेकडे वजा केले तर बेरीज साडेसत्तावीस, म्हणजे काठावरचे. जेथे तेल-साखर रोजच्या खाण्यात असते तेथे रेषा ४२ वर नेतात. त्या रेषेने तेच घर खेकडे धरूनही काठावरच राहते.

या हिशेबात दोन गोष्टी कळतात. पहिली अशी की, ओढा, रान आणि खाडी हा कातकरी घराच्या ताटातला मोठा आधार आहे. शेवळं, भारंगी, करटुली, चिंबोऱ्या, बारीक मासळी आणि कडुकंद हे सारे पैसे न मोजता येते. कडुकंद तर कडूपणा जाईपर्यंत उकळावा लागतो. ज्या घरात तो चुलीवर चढतो तेथे दाण्याची स्थिती काय असेल ते निराळे सांगायला नको. टेकड्या फोडून आणि ओढे बुजवून वसाहती उठतात, तेव्हा हा आधार कोणाच्याही नोंदीत न येता नाहीसा होतो. दुसरी गोष्ट अशी की, रेषा कोठे ओढली यावर घर उपाशी की ठीक ते ठरते. एकाच आकड्यावर विसंबून मदत ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तिसरे साधन बालकांच्या शरीराचे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजतात. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली मध्यम आणि साडेअकराच्या खाली तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहतो का तेही पाहतात. राहिला तर घेर कितीही असो, मूल तीव्र कुपोषित धरतात. अंगणवाडी सेविकेला हे मिनिटभरात करता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली; एकूण मुलांपैकी १०.९ टक्के तीव्र कृश होती. आयपीसीच्या बालकुपोषणाच्या मोजपट्टीवर १५ टक्क्यांच्या पुढचे प्रमाण गंभीर गणले जाते. तरीही महाराष्ट्रात दुर्भिक्षासारखे मृत्यू होत नाहीत. जन्मतःच कमी वजन, आईचे कुपोषण, वारंवार होणारे जुलाब यांचा गुंता त्यामागे आहे आणि सुखात्म्यांचा मुद्दा येथे पुन्हा पुढे येतो. पण मृत्यू होत नाहीत म्हणून हे प्रमाण सोसण्यासारखे ठरत नाही. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला १९९२ मध्ये बालमृत्यू उघडकीस आले, त्यानंतर १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आली. मुले मेल्यावर योजना येण्याचा हा क्रम उलटा आहे.

आता पनवेल-कर्जत-खालापूर-पेण पट्ट्यातल्या कातकऱ्यांचे वर्ष पाहिले, तर मोजणी कोठे चुकते ते दिसते. खैरापासून कात काढणारा हा समाज. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल हातचे गेले आणि हे लोक कोळसा, मोळ्या, शेतमजुरी आणि वीटभट्टीकडे वळले. कातकऱ्यांची सर्वांत मोठी वस्ती रायगड जिल्ह्यात आहे. कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकऱ्यांची गणना राज्यातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. डोंगरउतारावरच्या दळी जमिनींवर काही घरे नाचणी-वरी काढतात, पण ती काही महिनेच पुरते. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर, काही थेट घाटावर आणि कर्नाटकापर्यंत जातात. पावसाच्या तोंडाशी परततात. या कामासाठीची उचल आदल्या पावसाळ्यातच घेतलेली असते. घरात दाणा नसताना मालकाचा किंवा मुकादमाचा माणूस पैसे पुढे करतो आणि ते तांदळावर, औषधावर, सणावर खर्च होतात. पुढचे सहा-सात महिने ती फेडण्यात जातात आणि मुलांची शाळा सुटते. आंतरराष्ट्रीय निकषांत मुलाला शाळेतून काढणे ही तिसऱ्या पायरीची, संकटाची, खूण आहे. रायगडात ती दरवर्षी घडते म्हणून ती रीत समजली जाते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. पावसाळ्यातल्या भुकेतून जन्मणारी उचल मात्र अजून चालू आहे.

सरकारी मोजणीत हे का येत नाही? महाराष्ट्रात टंचाई ठरवण्याचे जुने माप पैसेवारी, पूर्वीची आणेवारी. ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईग्रस्त. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ नियमावलीत पर्जन्यमान, जमिनीतला ओलावा, उपग्रहाने दिसणारी हिरवाई असे निकष आले. ही सारी मापे पिकाची आहेत. ज्याला शेत नाही त्याची भूक या मापांत मावत नाही आणि जेथे पाऊस धो-धो पडतो तेथे तर प्रश्नच विचारला जात नाही. दुसरी त्रुटी वेळेची. वर्षातून एकदा होणारी पाहणी हिवाळ्यात झाली तर वाडी रिकामी असते. कुलूप लावलेल्या घराची माहिती कोण देणार? तिसरी त्रुटी सरासरीची. पनवेल तालुक्याच्या सरासरीत खारघर-कामोठ्याची उत्पन्ने मिसळली की वाड्या त्यात दिसेनाशा होतात. मोजणीचे एकक तालुका नसून वाडी हवे.

मदतीची भारतातली मुख्य व्यवस्था म्हणजे राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३. त्यामागे २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या अन्न अधिकाराच्या याचिकेचे आदेश आहेत. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. महाराष्ट्राला यात सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. पनवेलसारख्या तालुक्यात त्यानंतर किती माणसे आली आणि किती वाड्यांत नवी घरे झाली याचा त्या मर्यादेत हिशेब नाही. ज्याचे नाव उशिरा आले त्याला जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते.

पाच किलो म्हणजे रोज सुमारे १६६ ग्रॅम, जेमतेम पावणेसहाशे कॅलरी. जगभरच्या छावण्यांत पूर्ण शिध्याचे प्रमाण माणशी रोज २१०० कॅलरी धरतात. त्यात साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल आणि पोषणयुक्त पीठ, साखर, मीठ येते. ही तुलना करताना न्याय सोडू नये. छावणीतल्या माणसाला दुसरा आधारच नसतो. रेशन हे कमाईला दिलेला टेकू आहे. पण भाद्रपदात कमाई शून्यावर येते तेव्हा टेकूलाच सारे छप्पर पेलावे लागते, आणि त्या दोन महिन्यांसाठी त्याचे प्रमाण वाढत नाही. डाळ आणि तेल तर कायद्याच्या हक्कात नाहीतच.

हक्क कागदावर असून हातात न येण्याची कारणेही मोजणीचाच भाग आहेत. विटा थापून बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र अंगठा ओळखत नाही. कुटुंब भट्टीवर, कार्ड वाडीवर. देशभर कोठेही धान्य घेण्याची सोय २०१९ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, ती २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली आणि ती खरोखरच चांगली आहे. पण घरातले म्हातारे मागे वाडीत राहिले असतील तर कार्डाची विभागणी कशी करायची हे भट्टीवरच्या मजुराला कोणीतरी समजावून सांगावे लागते. ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांचा प्रश्न २०२० च्या टाळेबंदीत उघडा पडला: जादा धान्य आले, पण ते कार्डावर आले. रायगडात सर्वहारा जन आंदोलन, पनवेलजवळच्या तारा गावचे युसुफ मेहेरअली सेंटर यांसारख्या संस्था-संघटना वर्षानुवर्षे या वस्त्यांत काम करत आल्या आहेत. कोणते घर सुटले आहे हे वाडीत वावरणाऱ्या माणसाला संगणकाच्या आधी कळते.

पावसाळ्यातल्या भुकेसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र योजना होती, हे अनेकांना ठाऊक नसते. आदिवासी विकास महामंडळाचे खावटी कर्ज नेमक्या याच महिन्यांसाठी होते. कल्पना अचूक होती, अंमल मात्र थकबाकीत अडकला. २०२० मध्ये त्याचे अनुदान करण्यात आले: कुटुंबाला ४ हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. सप्टेंबर २०२० मध्ये निर्णय झाला आणि अनेक ठिकाणी वस्तू २०२१ मध्ये पोहोचल्या. भूक ज्या पावसाळ्यात होती तो पावसाळा तोवर निघून गेला होता. गर्भवती आणि स्तनदा मातांना रोज एक पूर्ण ताजे जेवण देणारी २०१५ ची अमृत आहार योजना त्या तुलनेत भुकेच्या जागी आणि भुकेच्या वेळी पोहोचणारी आहे. अंगणवाडीतले ते जेवण घरी न नेता तेथेच खायचे असल्यामुळे बाईच्या वाट्याचे बाईच्याच पोटात जाते.

धान्य द्यावे की रोख, हा वाद जगभर चालतो. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२० मध्ये शांततेचे नोबेल मिळवलेल्या जागतिक अन्न कार्यक्रमानेही काळाच्या ओघात धान्याच्या जहाजांबरोबर रोख मदतीचा मार्ग धरला. उत्तर जागेवर ठरते. बाजार चालू असेल आणि भाव स्थिर असतील तर रोख बरी. माणसाला जे हवे ते घेता येते आणि स्थानिक दुकानही जगते. भाव चढत असतील, दुकान लांब असेल किंवा पैसा घरातल्या पुरुषाच्या व्यसनात जाण्याची भीती असेल तर धान्य बरे. पनवेलच्या वाड्यांना बाजार जवळ आहे. खिशात पैसा नसल्याने त्याचा उपयोग होत नाही. येथे पावसाळ्यापुरते माणशी वाढीव धान्य, सोबत डाळ-तेल आणि पावसातही चालेल असे काम, उदाहरणार्थ रोपवाटिका किंवा वृक्षलागवड, हे मिश्रण रोख किंवा धान्य यांपैकी एकट्या कशाहीपेक्षा उपयोगी ठरेल.

मोजणारा स्वतंत्र असावा लागतो, ही या विषयातली सर्वांत अवघड अट. ज्या सरकारच्या कारभारात भूक वाढली त्यालाच ती मान्य करायची असते, म्हणून आकडे दाबले जातात, पाहणी पथकांना वाट दिली जात नाही. सुदान सरकारने २०२४ मध्ये दुर्भिक्षाचा निष्कर्ष नाकारला. दुसरीकडे मोजणी दात्यांच्या पैशावर चालते: १९८५ पासून पूर्वसूचना देणारे अमेरिकी ‘फ्यूज नेट’ जानेवारी २०२५ मध्ये तेथील मदत गोठवली जाताच बंद पडले होते. भारताकडे याबाबत मोठे बळ आहे, कारण येथे धान्य स्वतःचे आहे, कायदा स्वतःचा आहे आणि अंगणवाडी जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहे. सार्वजनिक सभेने जे काम दीडशे वर्षांपूर्वी पायी फिरून केले, ते आता पेणचा आदिवासी प्रकल्प, ग्रामपंचायती आणि वाड्यांतली शिकलेली मुले मिळून करू शकतात.

त्यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमारास प्रत्येक वाडीत निभावणुकीचे पाच प्रश्न विचारावेत, त्याच दिवशी मुलांचे दंड मोजावेत आणि कोणत्या घराने उचल घेतली आहे किंवा घेण्याच्या बेतात आहे याची नोंद करावी. ही नोंद तहसील कार्यालयात पडून न राहता त्याच पंधरवड्यात पुरवठा खात्याकडे गेली पाहिजे. मुकादम वाडीत येतो तो भाद्रपदात. धान्य आणि काम त्याच्या आधी पोहोचले, तरच त्याला मदत म्हणता येईल.